आवळ विणलेली कानटोपी

माझे यजमान फौजेत घोड्यांच्या तुकडीत होते. लग्नानंतरची अठरा वर्षं मी फलटणजवळच्या आमच्या गावात सासू-सासऱ्यांपाशी काढली आणि त्यांनी उत्तरेत कुठं कुठं घोड्यांपाशी. फोनवर बोलणं व्हायचं तेही त्या जनावरांचंच. कुणाचं पोट दुखलं, कुणाचा नाल निसटला, कोण आजारातून उठून पहिल्यांदा नीट जेवला. मी ऐकून घ्यायचे. एकदा पेन्शनीला आले की हे संपेल, असं मनाला सांगायचे.

पेन्शनीला आले आणि सहा महिन्यांत घोडी घेऊन आले.

जतकडच्या एका मेंढपाळ घरातली ती होती. त्यांनी मेंढरं कमी करून डाळिंब लावलं होतं. बिऱ्हाड लादून रानोमाळ फिरणं थांबलं, तशी घोडी नकोशी झाली. तांबूस, ठेंगणी, डावा कान टोकाला फाटलेला. टेम्पोतून ती उतरली तेव्हा मी यजमानांचा चेहरा पाहिला. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत तो तसा नाही.

मग रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तेच दिसायचं. आधी खरारा, मग ओल्या फडक्यानं डोळे पुसणं, मग एकेक पाय गुडघ्यावर घेऊन खुरातली माती काढणं. आणि सतत बोलणं. "उचल बाई पाय. आता ह्यो. शाणी माजी बाई." मला ते 'आगं' म्हणतात, त्यापलीकडं काही नाही. माझा गुडघा सुजला होता तेव्हा त्यांच्या लक्षात यायला चार दिवस लागले. घोडी लंगडली तर नुसत्या टापांच्या आवाजावरून त्यांना उसाच्या पलीकडून कळायचं.

घोडीचा हेवा करते म्हटलं तर लोक हसतील. म्हणून कुणाला सांगितलं नाही, पण हेवा होता. भाकरी थापतानाही होता.

पावसाळा ओसरला आणि माश्या वाढल्या. फाटक्या कानाच्या जुन्या जखमेवर त्या बसायच्या, घोडी दिवसभर मान झटकायची. एके दुपारी यजमान माझ्यापुढं येऊन उभे राहिले. हातात सुतळीचे दोन तुकडे.

"आगं, तुला ते सुईनं इणायचं येतं न्हवं? हिला कानटोपी करून दे की. माप आणलंय. ह्यो कानाचा घेर आन् ही दोन कानांमदली जागा."

विणायला मी माहेरी, सांगलीत शिकले. विश्रामबागेत आमच्या घराशेजारी एक बाई राहायच्या, कॉलेजातून आल्यावर त्यांच्याकडं बसायचे. लग्नानंतर यजमानांसाठी एक मरून स्वेटर विणून पाठवला होता. तो त्यांनी एका सोबत्याला देऊन टाकला. "त्याला थंडी लय वाजायची," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्या हातचं काही मागितलं नव्हतं. आता मागितलं ते हिच्यासाठी. माझ्या बांगडीचं माप त्यांना आजही माहीत नाही, आणि हिच्या कानांच्या मापाला गाठी मारून आणलेली सुतळी.

कपाटात मऊ सुती धागा होता. मी तो घेतला नाही. दाराचं तोरण विणून उरलेली जाड, खरखरीत लोकर काढली. कानाच्या घेराला चाळीस टाके लागत होते, मी चौतीस घातले. चुकून नाही, मोजून घातले. वरून मात्र टोपी देखणी केली. लाल काठ, कपाळावर तीन गोंडे.

यजमानांनी ती घोडीला घातली, फोटो काढला आणि फौजेतल्या दोस्तांना पाठवला. दिवसभर फोन वाजत होता. काय दिसतीय, नवरी दिसतीय! टोपी कुणी केली हे एकानंही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी घोडीनं चारा सोडला. ते जवळ गेले की डोकं वर उचलायची, त्यांनाही हात लावू देईना. कशीबशी टोपी काढली तर दोन्ही कानांच्या मुळाशी कातडी सोलून ओलं झालेलं. गुरांचे डॉक्टर आले, मलम देऊन गेले. यजमान गोठ्यात खाली बसले.

"मापच चुकलं माजं," ते म्हणाले. "इतकी वर्सं जनावरात काढली आन् साधं माप न्हाई घेता आलं."

दुपारी ते जेवायला आले नाहीत. ताट झाकून मी गोठ्यात गेले.

"आवं, माप बरोबर होतं," मी म्हटलं. "मीच मुद्दाम आवळ विणली."

त्यांनी घोडीच्या सोललेल्या कानांकडं पाहिलं. मग म्हणाले, "हिनं काय केलं हुतं तुजं?"

"हिनं काही नाही केलं. तुम्ही केलं." आणि मी रडत रडत सगळं सांगितलं. स्वेटर, गुडघा, बांगड्या, सकाळचं ते 'माजी बाई'. एवढं सलग मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते.

ते रागावतील असं वाटलं. त्यांनी मलमाची डबी माझ्या हातात दिली. "मग आता बरं हुईस्तवर तूच लाव."

घोडी माझ्याकडं पाठ फिरवायची. त्यांनीच शिकवलं. समोरून जायचं नाही, खांद्याशी उभं राहायचं, आधी मानेवर हात ठेवायचा, बोलत राहायचं.

"काय बोलू?"

"कायबी बोल. तिला आवाज वळखीचा झाला पायजे."

मला दुसरं काय बोलायला येणार? मी तिला यजमानांच्या तक्रारी सांगायला लागले. ते चार हातांवर बादली घासत बसलेले असायचे, आणि ती बादली फार वेळ घासली जायची. पाचव्या दिवशी तिनं मान खाली करून कान माझ्या हातात दिला. गरम होता, आतून मखमलीसारखा. मला स्वतःची लाज वाटली.

बाराव्या दिवशी जखमा सुकल्या. दुसरी टोपी मी सुती धाग्याची केली, माप माझ्या बोटांनी घेऊन. संध्याकाळी ती काढून धुते, सकाळी पुन्हा घालते. तिचा फोटो बघून साताऱ्यातल्या एका घोडेवाल्यानं चार मागवल्या. कोयनानगरच्या एका म्हाताऱ्या कुत्र्यासाठीही एक केली, त्याचे कान थंडीत दुखायचे. यजमान आता पार्सल बांधून देतात. मध्यंतरी माझ्या गुडघ्यासाठी तेल घेऊन आले, न सांगता.

हेवा गेला असं मात्र नाही. घोडीला आंबोण मी देते, पाणी मी दाखवते, तिच्या कानांमागं रोज हात मी फिरवते. तरी फलटणहून यांची मोटरसायकल वळणावर आली की ती खिंकाळते, दावणीला ओढ देते. मी भरली बादली घेऊन तिच्या शेजारीच उभी असते. माझ्यासाठी ती अजून एकदाही खिंकाळलेली नाही.