प्रार्थनेतली शिट्टी

मला प्रार्थना छान करता येते. ही फुशारकी नाही, आमच्या कराडच्या चर्चच्या मंडळीत कुणालाही विचारा. नव्या घरात पाऊल टाकायचं असो, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असो, पोराची बारावी असो, पाळकांचं बोलून झालं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. "बहीणबाई, तुम्ही प्रार्थनेत चालवा." मी पदर सारखा करते, डोळे मिटते, आणि शब्द आपोआप यायला लागतात. बायका डोळे पुसतात. एकदा तर केटरिंगवाल्याने पुसले होते.

मला प्रार्थना शिकवली ती सांगलीतल्या बाईंनी. म्हणजे त्यांनी शिकवलं वेगळंच, मी त्याचं हे करून ठेवलं.

बाई नर्स होत्या. आयुष्यभर वॉर्ड सांभाळला, लग्न केलं नाही. माझं माहेर त्यांच्या शेजारच्या गल्लीत. दृढीकरणाआधी आम्हा मुलींचा वर्ग त्या घरीच घ्यायच्या, शनिवारी दुपारी, चटईवर बसवून. दृढीकरण म्हणजे लहानपणी आईबापांनी आपल्या वतीने जे कबूल केलेलं असतं ते मोठं झाल्यावर मंडळीपुढे आपल्या तोंडाने कबूल करायचं. बाई म्हणायच्या, "आपल्या तोंडानं करायचंय ना? मग आपलं तोंड हाय कुठं ते आधी बघू." आणि प्रत्येकीला मोठ्याने प्रार्थना करायला लावायच्या.

माझी पाळी आली तेव्हा मी घरून तयारी करून गेले होते. "हे दयाळू, कृपाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या, आम्ही धुळीचे कण तुझ्या चरणांशी..."

"आमेन," बाई म्हणाल्या. वॉर्डातल्या आवाजात.

आमेन म्हणजे प्रार्थना संपली, आणि कुणी म्हटलं की आपणही म्हणायचंच असतं, त्यामुळे बाकीच्या मुलींनीही मुकाट्याने म्हटलं. मी तोंड उघडं टाकून बसले.

"धूळ कुठनं आली गं? सकाळीच झाडलंय मी."

मुली खिदळल्या. मला रडू आलं, आणि रागही. मला राग चटकन येतो, तेव्हाही यायचा. पण त्याच दुपारी एका मुलीने, जी कधी बोलायचीच नाही, मान खाली घालून म्हटलं, "देवा, माझा बाप रोज पिऊन येतो. तो मेला तर बरं होईल असं मला वाटतं." आम्ही श्वास रोखून बाईंकडे बघितलं. आता आमेन येणार असंच वाटत होतं. बाईंनी आमेन म्हटलं नाही. पेशंटला कुठं दुखतंय विचारावं तशा आवाजात त्या हळूच म्हणाल्या, "पुढं?"

बाईंची सगळी शिकवण एवढीच. खोटं आलं की आमेन, खरं आलं की पुढं. आयुष्यात काय करावं हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. लग्न होऊन मी कराडला आले, शाळेत नोकरीला लागले, तरी जरा काही बिनसलं की फोन त्यांनाच. सासूबाईंनी मला किती छळलं हे मी तास-तास सांगायचे. सगळं सांगून झालं, आता बाई माझी बाजू घेणार म्हणून थांबले की पलीकडून यायचं, "पुढं?" आणि मग न सांगितलेलं बाहेर पडायचं. म्हणजे भांडणात आधी मीच सासूबाईंना काय बोलले होते ते. फोन ठेवल्यावर मला बाईंचा इतका राग यायचा की भांडी आदळायचे. पण संध्याकाळी सासूबाईंशी बोलायचेही.

मग मोबाइल आला, आणि आमच्या महिला मंडळाचा ग्रुप झाला. करोनात सगळं बंद होतं, उपासनाही बंद होती, त्या काळात पाळक म्हणाले की रोज सकाळी एक प्रार्थना आवाजात रेकॉर्ड करून टाका, बायकांना आधार होईल. मी टाकली. खरंच आधार झाला असेल. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, उघडलं तरी बायका म्हणाल्या, बंद करू नका. उंब्रजच्या आल्या, कोरेगावच्या आल्या, ग्रुप वाढत गेला. रेकॉर्डिंग चालू असलं की घरात पंखा बंद, नळ बंद. नवरा बिचारा चहाचा कप बशीवर न वाजवता प्यायचा. प्रार्थना टाकली रे टाकली की खाली आमेन, आमेन, हात जोडलेले, फुलं. सुरुवातीला मला कुणाकुणाचं आमेन आलं ते दिसायचं. हळूहळू कुणाचं आलं नाही ते दिसायला लागलं. हे लिहितानाही मला मान वर करवत नाही.

बाईही त्या ग्रुपमध्ये होत्या. कधी काही लिहायच्या नाहीत. एके सकाळी त्यांचा फोन आला.

"तुजी आजची प्रार्थना ऐकली."

मी काय विचारावं? "कशी झाली बाई?"

"लय ग्वाड झाली. तेवढी देवाला पण पाठीव."

फोनवर मी हसले. ठेवल्यावर अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला सांगितलं तर तोही हसला, मग तर विचारूच नका. "वय झालं की माणसाला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही," मी म्हणाले. कुणाबद्दल, तर ज्या बाईने माझं प्रत्येक रडणं ऐकून घेतलं तिच्याबद्दल. त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. आज नको, उद्या करू, असं करत करत वर्ष गेलं. नाताळाला एक चांदणीचं चित्र पाठवलं, खाली आम्हा ख्रिस्ती लोकांचा "सलाम" लिहून. तेही दुसऱ्या कुणीतरी मला पाठवलेलं.

मग त्यांच्या भाचीचा फोन आला. ही त्यांच्या भावाची मुलगी, त्यांच्याजवळच राहते. बाई नळावर पडल्या होत्या. उजवी बाजू गेली होती, बोलणं जवळपास गेलं होतं. दवाखान्यातून घरी आणलं होतं. "ताई, येऊन जावा. काय बोलती ते आमाला कळंना. तुमाला कळंल."

"येते, येते. या शनिवारीच येते."

कराडहून सांगली दीड तासावर. एसटीला तोटा नाही. पण आपण खरोखरच जावं असं माझ्या पायांना वाटत नव्हतं, कारण बाई तोंडाने बोलत नसल्या तरी बघणार होत्याच. प्रार्थना मात्र मला करता येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घाई, एका शेगडीवर भाजी, दुसरीवर वरणभाताचा कुकर, आणि मी ओट्याला टेकून फोन तोंडाशी धरला. "प्रभू, तुझी दासी अंथरुणाला खिळली आहे. तिच्या उशाशी बसून, तिचा थरथरता हात हातात घेऊन मी तुझ्याकडे विनवणी करते..." मनाने तर उशाशीच आहे ना, असं मी स्वतःला समजावलं. माझा आवाजही मधे भरून आला. तो खराच भरून आला होता. याचीच मला जास्त लाज वाटते.

ग्रुपवर आमेनचा पूर आला. कोरेगावच्या एका बाईने लिहिलं, "ताई, बाईंसाठी तुम्ही किती करता. सख्खी मुलगी करणार नाही." मी तिला उत्तरात हात जोडलेले पाठवले.

तो शनिवार गेला. पुढचाही गेला, पेपर तपासायचे होते. असे किती गेले ते आता मोजावंसं वाटत नाही. अखेर मी गेले ते का, तर त्या कोरेगावच्या बाईचा फोन आला म्हणून. ती पुढच्या आठवड्यात सांगलीला लग्नाला जाणार होती. "तुमी तर जाताच कायम. तुमच्यासंगं मीबी येते बाईंना बघायला." हिच्यासमोर भाची म्हणाली की ताई आज पहिल्यांदाच आल्या, तर? दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून मी एसटी पकडली. सफरचंदंही घेतली, महागातली.

भाचीने दार उघडलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला. मला वाटलं होतं की फटकारेल. त्यापेक्षा ते सोपं गेलं असतं.

"बरं झालं आला ताई. आत्याला तुमची प्रार्थना रोज ऐकवते बगा. ती उशाशी बसून केलेली."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं, मला त्या उंबऱ्यावर कळलं.

बाई खाटेवर होत्या. तोंड एका बाजूला ओढलं होतं, उजवा हात चादरीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडला होता. डोळे मात्र तेच. मी म्हणाले, "सलाम, बाई." त्यांनी मला नीट पाहून घेतलं. ओठ हलायला लागले, खूप वेळ काहीतरी जुळवत राहिले, आणि एक शब्द बाहेर आला.

"शि... ट्टी."

"हेच बगा!" भाची म्हणाली. "तुमची प्रार्थना लावली की रोज हेच. आमाला वाटलं, हाक मारायला शिट्टी पायजे आसंल. ही आणली." उशीजवळ खरंच एक शिट्टी होती, लाल प्लॅस्टिकची, दोरीसकट. "पण वाजवीत न्हाई. डाव्या हातानं सरकवून देती."

मला मात्र कळलं होतं. कानाच्या पाळ्यांपर्यंत कळलं होतं. मी विषय बदलायला सफरचंदं काढली, पण भाचीने तोवर बाईंच्या फोनवर प्रार्थना लावलीसुद्धा. माझा आवाज त्या खोलीत भरला. किती गोड आवाज. तिच्या उशाशी बसून, तिचा थरथरता हात हातात घेऊन... आणि मागे, अगदी स्पष्ट, कुकरची शिट्टी. लांबलचक.

बाईंनी डावं बोट वर केलं.

"आगं बया," भाची म्हणाली, "कुकर!" ती हसायला लागली, मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. तिने फोन बंद केला. "च्या टाकते," म्हणून आत गेली. मला फाडून बोलली असती तर मी भांडले तरी असते.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. बाईंनी डोळे मिटले. म्हणजे आता मी प्रार्थना करायची. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले, अखेर उशाशी, आणि त्यांचा हात हातात घेतला. तो थरथरत नव्हता.

"हे दयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या..."

"आ...मेन."

तो शब्द शिट्टीपेक्षा स्वच्छ निघाला. मी पुन्हा सुरू केलं. "प्रभू, तुझी ही दासी..."

"आमेन."

"प्रभू, बाईंना लवकर बरं कर." यात तर खोटं काही नव्हतं, मला वाटलं.

"आमेन."

"मग म्हणू तरी काय!" मी ओरडलेच. आजारी माणसाच्या खोलीत, खाटेच्या कडेला बसून. बाईंनी डोळे उघडले. आणि माझे डोळे उघडेच असताना, मंडळीतला तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक, माझ्या तोंडून गल्लीतली पोरगी बोलायला लागली. "देवा, मी आले न्हाई. दीड तासाचा रस्ता, पण आले न्हाई. बाई खरं बोलल्या म्हणून मला राग आला हुता. मी घरात भाजी करत हुते, आन् हात हातात घेतलाय म्हणून सगळ्यांना सांगितलं."

मी थांबले. आता आमेन यावं असं मला फार वाटत होतं. आमेन झालं की सुटले असते, चहा घेऊन पाचची गाडी मिळाली असती. बाईंचे ओठ हलले.

"पु...ढं?"

"आजबी तुमच्यासाठी आले न्हाई. कोरेगावच्या बाईला कळंल म्हणून आले."

भाची चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी पदराने तोंड पुसलं, कप घ्यायला हात पुढे केला, आणि उशीवरून पुन्हा तेच आलं, "पुढं?"

आणखी काय राहिलं होतं? राहिलं होतं. ग्रुपवरच्या बायका अजून मला सख्ख्या मुलीपेक्षा वरचढ समजत होत्या. मी कप खाली ठेवला आणि फोन काढला. पंखा बंद करा असं म्हणाले नाही. आत मोरीतला नळ चालू होता, बाहेर भंगारवाला ओरडत होता, सगळं तसंच राहू दिलं. म्हणाले, बायांनो, बाईंसाठी मी प्रार्थना टाकली तेव्हा मी सांगलीत नव्हतेच. घरी होते. मागे शिट्टी ऐकू येते ती माझ्या कुकरची. आज पहिल्यांदा आलेय. देवा, मला क्षमा कर. एवढंच. गोड काही सुचलं नाही.

त्या दिवशी ग्रुपवर कुणाचंच आमेन आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोरेगावच्या बाईने ऐकलं होतं हे फोनवर दिसत होतं, पण लिहिलं काही नाही, आणि लग्नाला जाताना मला विचारलंही नाही. बाजारात मंडळीतली एकजण दिसली की मी अजून भाजीत मुंडी घालते.

पण ते रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही. नळाच्या आणि भंगारवाल्याच्या आवाजात, अगदी शेवटी, माझं सगळं सांगून संपल्यावर बाईंचं एक आमेन आहे, या वेळी मधेच तोडणारं नाही. तोंड वाकडं असल्यामुळे नीट उमटलेलं नाही.