गवयाला गप्प बसवायचं बटन

वडिलांचा जुना अॅम्प्लिफायर मी माळ्यावर टाकला, तेव्हा आपण काय करतोय ते मला कळलं नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण कळत होतं.

वालूरच्या आमच्या घरात, समोरच्या खोलीत वडिलांचे कमरेइतके उंच दोन स्पीकर होते, कॅसेट डेक होता आणि हा अॅम्प्लिफायर. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या भजनी मंडळातले चौघे यायचे. मंडळाचा मृदंगवाला लेकाकडे पुण्याला राहायला गेला, तेव्हापासून या मंडळींनी एक नामी युक्ती काढली होती. वडिलांकडे भजनांच्या जुन्या कॅसेटी होत्या, कुणीतरी स्वस्तात भरलेल्या. त्यात गवयाचा आवाज सगळा डाव्या स्पीकरमधून यायचा, मृदंग आणि टाळ उजव्यातून. वडील बॅलन्सचं बटन पार उजवीकडे फिरवायचे. गवई गप्प, मृदंग चालू. मग हे पाच म्हातारे त्या मृदंगावर आपलं भजन म्हणायचे. "बसवलं बघा गवयाला खाली," असं वडील दर गुरुवारी म्हणायचे आणि दर गुरुवारी बाकीचे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

मी सेलूला शाळेत शिकवतो. स्टाफरूममध्ये दोघा-तिघांनी होम थिएटर घेतलं आणि मलाही ते खूळ लागलं. सिनेमा आणि गाणं एकाच सिस्टीमवर, तेही उत्तम, यावर मी महिनाभर मोबाइलवर वाचत होतो. वडिलांचे स्पीकर दणकट, म्हणून ते पुढे ठेवायचे ठरवलं. अॅम्प्लिफायरच्या जागी नवा रिसीव्हर, मधला एक स्पीकर, मागचे दोन आणि धमधम करणारी एक मोठी पेटी आणली. परभणीहून आलेला मेकॅनिक वायरी ओढता ओढता म्हणाला, "सर, जुनी मशीन बी ह्येलाच जोडून देतो. शिनेमाला नवी, गाण्याला जुनी. नुसतं एक बटन फिरवायचं."

मी नको म्हणालो. टीव्हीखाली एकच काळी, चकचकीत पेटी दिसायला हवी होती मला. बस्स, एवढंच कारण.

त्या गुरुवारी गवई खोलीतल्या पाचही स्पीकरांतून गायला लागला. नवा रिसीव्हर आवाज सगळीकडे वाटून टाकायचा. तो एका बाजूला आणायचा तर रिमोट घेऊन टीव्हीवरच्या इंग्रजी यादीत पाच पायऱ्या उतरायच्या. वडिलांना मी दोनदा दाखवलं. तिसऱ्या गुरुवारी मी पेपर तपासत होतो, ते दारात येऊन म्हणाले, "जरा ह्या गवयाला गप कर की."

मी उठलो आणि त्या चौघांसमोर वडिलांवर ओरडलो, "दहा बार सांगितलं तुमाला, दादा! जमत न्हाई तर हात कशाला लावता?"

वर्गात पोरांवर ओरडतो तसाच. एकाने टाळ पिशवीत ठेवले. "ऱ्हाऊ द्या, ह्येला काम आसतंय," वडील त्यांना म्हणाले, माझीच बाजू सावरत.

पुढचा गुरुवार झाला नाही, त्याच्या पुढचाही नाही. विचारलं तर वडील म्हणाले, घसा बसलाय. मी ज्येष्ठमध आणून दिलं. ते खोटं बोलतायत हे माहीत असूनही दिलं, कारण ते खोटं माझ्या सोयीचं होतं. रविवारी आम्ही सिनेमा लावायचो, भिंती हादरायच्या आणि वडील बाहेर पारावर जाऊन बसायचे.

असं दीड वर्ष गेलं. मग सेलूच्या बाजारात त्या चौघांपैकी एक जण भेटले. मी आपला विषय काढायचा म्हणून वडिलांच्या घशाचं सांगायला लागलो. ते म्हणाले, "घशाला काय धाड भरली त्यांच्या? शेतात म्हशीपुढं रोज गातेत की." आणि पिशवी उचलून चालू लागले. मला भर बाजारात तोंड लपवावंसं वाटलं.

त्याच रविवारी मेकॅनिकला बोलावलं. तासाभराचंही काम नव्हतं. एक छोटी बटनाची डबी बसवली आणि दोन्ही मशीन त्याच स्पीकरांवर चालू लागल्या. अॅम्प्लिफायर मी स्वतः पुसला, वडिलांना हाताला धरून आणलं. त्यांनी कॅसेट घातली, बटन पार उजवीकडे फिरवलं. गवई थांबला, मृदंग स्वच्छ वाजायला लागला. वडील मांडीवर ठेका धरून बसले. गाईनात.

"म्हणा की दादा."

"म्हागं धरायला कोण हाय? एक वारला. एक लेकीकडं गेला. एकाला आता ऐकू येत न्हाई."

"आन् चौथे? परवाच भेटले मला बाजारात. मी जाऊन घेऊन येतो त्यांना."

"नगं जाऊ," वडील म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुझ्या घरी कशाला येतील ते?"

हे घर वडिलांनी बांधलेलं आहे.