डोकं नव्हे, नाक

माझ्या साडभाऊंइतका नाकासाठी जगलेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि तोही स्वतःच्या नव्हे, माशाच्या नाकासाठी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, पण वर्गात मासा आला की शिकवणं नाकापुढे सरकत नसे. कल्ले, पोट, शेपटी मुलांनी घरी वाचावी. समुद्रात वर्षं काढून वासावर आपल्या जन्मनदीला परतणारा साल्मन तर त्यांचा सोयराच. गावाला लागून असलेल्या सिंदी मेघेत आमची घरं समोरासमोर, त्यामुळे हा सोयरा माझ्याकडेही रोज चहाला असे.

माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांच्या गळ्यातल्या हारातलं झेंडूचं फूल तोडलं, मधोमध उकललं आणि त्यांच्यासमोर धरलं. "हे पाहा, माशाचं नाक. आत असंच, चुण्याचुण्यांचं. पुढच्या भोकातून पाणी आत, चुण्यांवरून फिरून मागच्या भोकातून बाहेर. घशाशी काई संबंध नाई. श्वास कल्ल्यानं, नाक फक्त वासाले!"

व्याही घाबरून म्हणाले, "आम्ही शाकाहारी आहोत."

"मंग तर नाकच पाहा. खायचं कुठं हाय?"

स्वतःच्या नाकाचाही त्यांना गर्व होता. जन्म आर्वीचा. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट झाली, तशी कापसाच्या हंगामात ते उठसूट आर्वीच्या गाडीत बसत, डोळे मिटत आणि गावाच्या तोंडाशी जिनिंग गिरणीतल्या सरकीचा वास आला की उतरत. खिडकीबाहेर पाहणं ही लबाडी. एकदा मी सोबत असताना कंडक्टरनं थांब्याचं नाव पुकारलं, तर हे त्याच्यावरच डाफरले, "काऊन पेपर फोडून राह्यला गा?"

आणि गेल्या हंगामात एकदा ते उतरलेच नाहीत. गाडी डेपोत जाऊन रिकामी झाली, तरी हे डोळे मिटून बसलेले. "आजोबा, कुठं उतरायचं होतं?" असं विचारल्यावर म्हणाले, "आर्वी आली नाई अजून." डेपोतून पुण्याला मुलाकडे फोन गेला. आर्वीत बसून आर्वी ओळखत नाहीत, म्हणजे डोकं गेलं, असाच अर्थ सगळ्यांनी काढला.

खरं काय ते त्यांनी त्या संध्याकाळी घरी परतल्यावर मला सांगितलं. मधे आलेल्या तापातून उठल्यापासून त्यांना वासच येत नव्हता. "लसूण नाई, अत्तर नाई, काईच नाई. कोणाले सांगू नको. माशाच्या नाकाचा मास्तर अन् याचंच नाक गेलं म्हणतीन."

"अन् डोकं गेलं म्हणून राह्यले, त्याचं?"

"म्हणू दे. ते रिटायर माणसाचं जातेच."

मी शब्द पाळला. थोरली मेहुणी गेल्यापासून ते एकटेच राहत होते. मुलगा आला, घराला कुलूप लावून त्यांना पुण्याला घेऊन गेला. गल्ली हळहळली, आणि मी त्यांची बॅग रिक्षात ठेवत गप्प राहिलो. पाळलेला शब्दही इतका बोचतो हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून परवा त्यांच्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं, आणि इथंही लिहितो: माझ्या साडभाऊंचं डोकं शाबूत आहे. मुलगा म्हणाला, "काका, आधी सांगायचं होतंत. पण एकटे राहिले अन् गॅस उघडा राहिला, तर त्यांना कळेल का?"

काल मी एकटाच आर्वीच्या गाडीत बसलो. डोळे मिटून घेतले. मधे थोडी लबाडीही केली. सरकीचा तो तेलकट, उबदार वास नाकात शिरला तसा उतरलो आणि पुण्याला फोन लावला.

"फोडला ना पेपर?" साडभाऊंनी पहिलंच विचारलं.

"फोडला," मी म्हणालो. "आर्वी आली."

"वास कसा हाय?"

"होता तसाच." वास सुटून जाऊ नये म्हणून मी श्वास रोखून बोलत होतो, आणि ते त्यांना इतक्या दुरून कळलं.

"धरून नको ठेवू गा," ते हळूच म्हणाले, "जाऊ दे मागून. तवाच पुढून नवा येते."