षड्ज हलला तेव्हा

आमच्या सुनेला हार्लेम या डच गावातल्या बँडमधून काढलं ते तिची चूक झाली म्हणून, असं आमच्या घरात आजही समजलं जातं. चूक माझी होती. निदान मी तसं धरून चाललो होतो; आता तेही खात्रीने सांगवत नाही.

मुलाकडे हिवाळा काढायला गेलो आणि विमानं बंद झाल्यामुळे तिथेच अडकलो. सून पुण्यात गाणं शिकलेली. मध्ययुगातली गाणी नव्याने उभी करणाऱ्या एका बँडमध्ये तिला जागा मिळाली होती. गाणी लॅटिन, नाहीतर जुन्या इटालियनमधली. दांडीने चाक फिरवून वाजवायचं एक तंतुवाद्य, बासऱ्या, डफ आणि सगळ्यांच्या खाली एक लांबवलेला स्वर. तो स्वर सुनेचा. त्या गावात तिची स्वतःची म्हणावी अशी ती एकच जागा. बाकी सगळीकडे ती माझ्या मुलाची बायको.

लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाने घरूनच आपला भाग रेकॉर्ड करून पाठवायचा ठरलं. सून कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गायची, म्हणजे आवाज घुमत नाही. मी नोकरी बँकेत केली, पण उमेदीची वर्षं गुरुजींच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला माणूस. दारात उभा राहून ऐकत होतो. ध्रुवपद आलं आणि तिने धरलेला स्वर एक पायरी खाली नेला.

"अगं, हे काय? खाली का उतरलीस?"

"बाबा, तसंच आहे ते. ध्रुवपदाला खालचा स्वर धरायचा."

"षड्ज कधी हलतो का? घर उभं असताना पाया सरकवतात?"

"त्यांच्याकडे सरकवतात," ती कपाटातूनच म्हणाली.

"कुणी सांगितलं? त्या काळचं कुणी जिवंत आहे का?"

ती हसली. जुन्या हस्तलिखितांत फक्त चाल सापडते, खाली काय धरत होते ते कुणालाच ठाऊक नाही, आपण अंदाज करतो, हे बँड चालवणाऱ्या गृहस्थांनीच तिला सांगितलं होतं. मी तेवढंच पकडलं. "अंदाजच करायचा तर धड करा की!" म्हणालो. तिने पुन्हा गायलं. या वेळी स्वर जागचा हलला नाही. मी खूश होऊन चहा टाकायला गेलो.

मग त्या गृहस्थांचा निरोप आला, अगदी सभ्य शब्दांत: यापुढे हा भाग दुसरी गायिका गाईल. जेवताना मुलगा म्हणाला, "काय गं, एकच स्वर होता तुला, तोही चुकला?"

"हो ना. कागद नीट पाहिला नाही," म्हणत तिने मला आमटी वाढली. मी आमटी खाल्ली. तो विनोद मुलगा पाहुण्यांना अजून ऐकवतो, आणि मी अजून गप्प बसतो.

पुढे निर्बंध सैलावले तेव्हा त्या बँडचा कार्यक्रम चर्चमध्ये झाला. दीड-दीड मीटरवर खुर्च्या. सून मला घेऊन गेली. ध्रुवपदाला स्वर खाली उतरला आणि अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसं मला झालं. दुसऱ्या वेळी मी त्याची वाटच पाहत होतो. तिसऱ्या वेळी तो आला तेव्हा बरं वाटलं, आणि बरं का वाटावं तेच कळेना.

कार्यक्रम संपल्यावर मास्क सावरत मी त्या गृहस्थांना गाठलं. माझ्या बँकेतल्या इंग्रजीत सांगितलं, चूक तिची नव्हती, मी भरीस घातलं. ते गोंधळले. तिने दोन्ही रेकॉर्डिंगं पाठवली होती म्हणे. स्थिर स्वराचंच घ्या असा आग्रहही तिचाच. ते चांगलं होतं, पण बाकीच्यांशी जुळेना. आणि ती मागे हटेना.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दोन्ही पाठवली होतीस? मग घरी तसं का नाही म्हणालीस?"

"म्हणाले असते तर तुम्ही जिंकला असता, बाबा."

"तुला तो स्वर खरंच आवडला होता, की मी म्हणालो म्हणून?"

ती सायकलचं कुलूप काढत होती. "मलाही नाही सांगता येत. तुम्ही दारात येऊन बोललात ना, त्यानंतर खालचा स्वर मला बरोबर लागेचना."

ती सायकल हातात धरून माझ्या चालीने चालू लागली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण नक्की कशाची मागायची ते ठरेना.