ओट्यावरचं गणित

फोन आला तेव्हा मी इगतपुरीला माहेरी होते. सकाळीच शैलाताईंशी माझं भांडण झालं होतं, तेही इंटिग्रेशनवरून. त्यांनी नेमून दिलेलं गणित मी सोडवलं होतं आणि फोनवर पायऱ्या वाचून दाखवत होते. "अगं, कुठला भाग आधी घ्यायचा ते किती वेळा सांगू?" त्या ओरडल्या. "उलटा घेतलास की ते सुटत नाय, वाढत जातं. पुस आन् पुन्हा कर." मी म्हटलं, ताई, मी सुट्टीवर आलेय. "गणिताला सुट्टी नसती. दुपारपर्यंत फोटो पाठव." दुपारी मी कागदाचा फोटो पाठवला. तो त्यांनी पाहिलाच नाही. थोड्या वेळानं नवऱ्याचा फोन आला. ताई स्वयंपाकघरात कोसळल्या होत्या, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... गाडीत बसून नाशिकला येताना मला रडू येत नव्हतं, राग येत होता. तो अजून गेलेला नाही, आणि हे मी त्या रागातच लिहिते आहे.

शैलाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर विंचूरचं, वडिलांची कांद्याची आडत. अकरावी सायन्सला गणितात नापास झाल्या आणि त्याच उन्हाळ्यात लग्न करून आमच्या घरी आल्या. "गणितात उडाले म्हणून संसारात पडले," असं त्या हसत सांगायच्या, पण ते हसणं मला कधीच पटलं नाही. सासूबाईंची दुखणी, दिरांची शिक्षणं, माझं बाळंतपण, सगळं त्यांनीच काढलं. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही घेतल्याचं मला आठवत नाही. घेतला तो एक खडू.

त्याचं असं झालं, की त्यांची लेक मुक्ता द्वारका चौकाजवळच्या एका क्लासच्या इंटिग्रेटेड बॅचला होती. म्हणजे कॉलेज नावापुरतं, अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षेची तयारी सगळी त्या क्लासमध्येच. दुसरं वर्ष सुरू झालं, मॉड्यूल म्हणतात ती जाडजूड पुस्तकं घरात आली आणि मुलीचं तोंड उतरलं. एकदा ती जेवताजेवता ताट सारून उठली. ताई म्हणाल्या, काय अडलंय ते मला सांग तरी. मुक्ता फटकन बोलली, "आई, तुला काय कळणार त्यातलं?" मला वाटलं, आता दोघींची जुंपणार. ताईंनी तिचं ताट उचललं. दुसऱ्या दिवशी मात्र भाजी आणायला गेल्या त्या खडूची पेटी घेऊन आल्या, आणि मुक्ता क्लासला गेली की तिचं मॉड्यूल ओट्यावर उघडायला लागल्या.

आमचा ओटा काळ्या कडप्प्याचा आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. ताईंना त्याच्याइतका चांगला फळा कुठे मिळणार होता? कुकर लावायचा, डाळ शिजेपर्यंत उरलेल्या जागेत गणित मांडायचं. सासूबाई कडाडल्या, "अन्नाच्या जागेवर खडू? काही लाज?" ताई शांतपणे म्हणाल्या, "आई, खडूनं अजून कुणी मेलं नाय. गणिताच्या धाकानं मात्र लय पोरी घरी बसल्यात." सासूबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही, फक्त आपल्या देवपूजेचं सामान ओट्यावरून हलवलं.

मी शेजारी चपात्या लाटत असायची. पोळपाटाची जागा रोज आक्रसत गेली आणि एक दिवस माझ्या हातातलं लाटणं काढून त्यांनी खडू दिला. मी दहावीनंतर गणिताचं नाव टाकलेली बाई! पण ताईंची एक पद्धत होती. गणित सुटलं, की ओला फडका घ्यायचा आणि सगळं साफ पुसायचं. "सुटलेलं बघत बसलं की वाटतं आपल्याला येतंय. पुसल्यावर येतं का, ते बघ." पुसून पुन्हा, पुन्हा पुसून पुन्हा, न अडखळता येईपर्यंत. आणि शेवटी मी हमखास विसरायची तो सी, इंटिग्रेशनच्या उत्तरापुढे अधिक चिन्हानं जोडायचा स्थिरांक. त्याला त्या शेपूट म्हणायच्या. "वंदे, शेपूट राहिलं!" हे मी इतक्यांदा ऐकलं, की फोडणी टाकतानाही दचकायची. हळूहळू मुक्ताही ओट्याशी उभी राहायला लागली. आधी आईच्या चुका काढायला, मग स्वतःच्या अडचणी घेऊन.

ताईंनी बाहेरून बारावीला बसायचं ठरवलं. विषय आर्ट्सचे, त्यात गणित ऐच्छिक. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी समजावलं, की गणिताऐवजी सोपं काहीतरी घ्या. त्यांनी गणितच घेतलं. मायलेकी एकाच सकाळी गणिताच्या पेपरला गेल्या, वेगवेगळ्या केंद्रांवर. मुक्ता खुशीत परतली. ताई आल्या त्या दारातच हसत सुटल्या. "वंदे, सगळं आलं गं... आन् सगळं खोडलं!" झालं होतं असं, की मोठमोठी गणितं बरोबर सुटली होती, पण हाताला सवय ओट्याची. उत्तर आलं की आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा पहिल्यापासून. वेळ संपत आल्याचं सांगितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. बरोबर सोडवलेलं सगळं खोडलेलं, नव्यानं मांडलेलं सगळं अर्धवट. सांगताना त्या पोट धरून हसल्या, मग मोरीत गेल्या आणि नळ सोडून खूप रडल्या.

निकालात ताईंचे बाकी विषय निघाले, गणित राहिलं. भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, समजुतीनं म्हणाले, "विषय बदल, पुढच्या खेपेला आरामात पास होशील." ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग पास कोण झालं म्हणायचं? मी, का दुसरीच बाई?" पुरवणी परीक्षेची तयारी त्याच संध्याकाळी सुरू झाली. कागदावर सोडवायचं आणि खोडायचं नाही, एवढाच काय तो नवा अभ्यास होता. परीक्षा तोंडावर आली होती, तेवढ्यात हे झालं.

दिवसकार्याला आलेल्या एक नातेवाईक बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "या वयात नसता ताण घेतला. गणितानं खाल्लं बिचारीला." मी तिथंच सुनावलं त्यांना. पंचवीस वर्षं या माणसानं अख्खं घर उचललं, तेव्हा कुणाला ताण दिसला नाही. रक्तदाब त्यांना मॉड्यूलच्या कितीतरी आधीपासून होता, गोळ्या संपल्या की आठवण करून द्यायलाही कुणी नसायचं. त्या खडू हातात धरून उभ्या असायच्या तेवढाच वेळ आम्ही त्यांना काही मागत नव्हतो. आणि बिचारी? बिचारी त्या कधीच नव्हत्या. त्यांची इच्छा अपुरी राहिली, असंही बरेच जण म्हणाले. त्यांना पास व्हायचं होतं, ते राहिलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पण त्यांना गणित यायला हवं होतं, आणि ते येत होतं. माझ्या डोळ्यांदेखत येत होतं.

सुतकात आमच्याकडे चूल पेटली नाही, जेवण शेजारून यायचं. त्यामुळे ओट्याला कुणी हात लावला नाही, आणि त्या दुपारी ताईंनी मांडलेलं शेवटचं गणित तसंच राहिलं, दोन ओळींवर थांबलेलं. येणारे-जाणारे आत येऊन बघायचे, कुणी मोबाइलवर फोटो काढायचे. भाऊजी म्हणाले, हे असंच राहू दे, वर काच बसवून घेऊ. मुक्ता तर स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नव्हती. पाणीसुद्धा बाहेर मागायची.

चौदाव्या दिवशी सकाळी मी फडका ओला केला आणि ओटा पुसला. भाऊजी दारात उभे होते. "वंदना, अगं हे काय केलंस?" मी म्हटलं, भाऊजी, ताईंनी काच बसवू दिली असती का? खडू घेतला आणि तेच गणित पहिल्या ओळीपासून मांडलं. येत्या फेब्रुवारीत मी बारावीला बसणार आहे, गणित घेऊनच, हेही त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. त्यांच्या दोन ओळी झाल्या, त्यापुढं माझ्या सुरू झाल्या. एकदा अडले, पुसलं, पुन्हा केलं. उत्तर आलं तेव्हा भाऊजी निघून गेले होते, आणि मागं कुणीतरी उभं होतं.

"काकू," मुक्ता म्हणाली, "शेपूट राहिलं."