काळी पडलेली पट्टी

नातवंडांनो, आजीच्या गुडघ्याचे ऑपरेशन हृदयामुळे पुढे गेले असे तुमच्या बाबांनी सांगितले असेल. ते अर्धेच खरे आहे. परवा मी ऑपरेशनला जाते आहे. फोनवर विचारलेत तर टाळाटाळ करीन, म्हणून उरलेले अर्धे आज लिहिते.

ऑपरेशनआधी ईसीजी काढला. छातीला लावायच्या वाट्यांना आधीच्या रुग्णाचा जेल तसाच चिकटलेला होता, तोच माझ्या छातीवर आला. आठवले की अजून शिसारी येते. फिजिशियननी कागद पाहिला.

"बॉर्डरलाइन आहे."

"कुठल्या बाजूला?" मी विचारले.

ते बोलले ते माझ्या धाकट्या जावेशी. ती देवरूखहून सोबतीला आली होती. "आजींचा जुना ईसीजी आहे का? हा बदल जुना असेल तर काळजी नाही. नवा असेल तर ऑपरेशन आत्ता नको."

"आजींना ऐकू येतं," मी म्हटले आणि फाइल उघडली. वर्षभर मी अंगणाच्या पायऱ्या बसून उतरते आहे. आणखी थांबायची माझी तयारी नव्हती.

माझी फाइल तुम्ही पाहिली आहे. आजोबा गेल्यावर महत्त्वाचे सगळे कागद मी लॅमिनेट करून घेतले, त्यांत माझा जुना ईसीजीही होता. पट्टी बाहेर काढली तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी. डॉक्टर हसले. या कागदावर रेघा उष्णतेनेच उमटतात म्हणे, लॅमिनेशनच्या गरम रोलरखाली गेला की तो सगळाच काळा होतो. दुकानातून गठ्ठा आणला तेव्हा मी कागद मोजून घेतले होते, उलटून एकही पाहिला नव्हता. डॉक्टरांच्या हसण्याचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा तिटकारा आला.

"वहिनी, हृदयपण लॅमिनेट करून आणायचं होतंत," जाऊ म्हणाली. आणि मग, "दादांनी याची झेरॉक्स आमच्याकडे ठेवायला दिली होती. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

दादा म्हणजे तुमचे आजोबा. ते दिसेल त्या कागदाची झेरॉक्स काढत. घर म्हणजे रद्दीचे दुकान नव्हे, असे म्हणून मी ते ढीग टाकून देत असे. शेजाऱ्यांसमोरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी जावेने ती आणली. तिरकी निघालेली, कोपऱ्यावर चहाचा डाग. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. "तेच आहे. जुनंच." तरी नुसत्या झेरॉक्सवर विसंबायला नको म्हणून त्यांनी इको सांगितला. हृदयाचे डॉक्टर बाहेरून ठरावीक दिवशी येतात, त्यात पंधरवडा गेला. इको चांगला निघाला आणि मला फिटनेसचा कागद मिळाला. तो आणायला गेले तेव्हा ईसीजीच्या वाट्या अजूनही पुसलेल्या नव्हत्याच.

मूळ ईसीजी आता वाचता येत नाही. आजोबांची तिरकी झेरॉक्स शाबूत आहे, माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर, साध्या प्लास्टिकच्या पाकिटात.