चावून पाहणारे काका

आमच्या शेजारचे काका ज्वारी असो की सरकी, दाताखाली फोडल्याशिवाय घेत नाहीत. विकणाऱ्याच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

आमच्या कुत्र्याने झेलायच्या तबकडीचा पुन्हा चुरा केला, तेव्हा नवी घ्यायला काका स्वतःहून माझ्यासोबत आदिलाबादच्या बाजारात आले.

दुकानदार म्हणाला, “ये कभी नहीं टूटेगी.”

“आमी पाहून घेतो,” म्हणत काकांनी चारचौघांत ती टणक तबकडी कडकन चावली. तबकडीवर ओरखडाही उमटला नाही. काकांच्या कवळीचा दात मात्र काउंटरवर पडला.

मला हसू आवरेना. काकांनी शांतपणे दात खिशात टाकला.

“हे नको घेऊ, बापू. रबराची पाहू. माही कवळी तर दुरुस्त होईन, कुत्र्याले कोन बसवून देईन?”